नऊ आणि अकरा नसलेला तक्ता

स्टॉकहोम, १२ जानेवारी १९७५

प्रिय ताई,

मी विणलेले हातमोजे तुला मिळाले आणि त्यावर "टाके सैल आहेत" एवढंच तू लिहिलंस. हरलेल्या बहिणीला इतकं टोचू नये. चार वर्षांत तीनदा हरले मी. गेल्या वर्षी तर हद्द झाली. राहते मी स्वीडनमध्ये, आणि स्वीडन जिंकणार हे समुद्रापलीकडे तालिनमध्ये बसून तू लिहिलंस. मी आपली इंग्लंड लिहून मोकळी. आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या बायका अजून हसतात.

यंदा देशोदेशींच्या गाण्यांची ती स्पर्धा इथेच आहे, २२ मार्चला. एकोणीस देश येणार. गुण देण्याची पद्धत मात्र बदलली आहे. प्रत्येक देशाने आवडलेल्या दहा गाण्यांना गुण द्यायचे: एकापासून आठपर्यंत चढत जायचं, मग दहा, आणि सर्वांत आवडलेल्याला बारा. नऊ आणि अकरा नाहीतच. का नाहीत ते विचारू नकोस, इथेही कोणाला माहीत नाही. आता तुझे तक्ते काय करतात बघू. गाणं न ऐकता, कोणता शेजारी कोणाला मत देईल यावरून जिंकणारा देश सांगायचा, हे मला कधीच पटलं नाही. तू लग्नसुद्धा असंच ठरवलं असशील.

नियम जुनेच. अंदाज पत्राने कळवायचा, त्यावर २२ तारखेच्या आधीचा शिक्का हवा. हरेल तिने हातमोजे विणायचे, आपल्या मुहू बेटाचे, आपल्या गावच्या मनगटपट्टीसकट. चव्वेचाळीस साली होडीत बसून इकडे आले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आणलेलं सगळं हरवलं, ती पट्टी तेवढी अजून डोळे मिटून विणता येते.

मारेतला माझा पापा. संगीत विद्यालयातलं तिचं शेवटचं वर्ष ना हे?

तुझी,
मेता


तालिन, २ फेब्रुवारी १९७५

मेता,

टाके सैल होते म्हणून सैल लिहिलं.

नवी पद्धत समजली. जुन्या पद्धतीपेक्षा बरी आहे, हिच्यात हिशेब करता येतो. सोबत तक्ता जोडला आहे. एकोणीस ओळी, एकोणीस रकाने, कोणता देश कोणाला किती देईल ते. निकाल: पुन्हा स्वीडन. शेजारी दोन, दोघेही बारा किंवा दहा देतील, आणि यजमानाला कोणी अगदीच टाकत नाही. गाणी ऐकायची गरज नाही. गाणी ऐकणारे हरतात, हे तुझ्यावरून सिद्ध झालं आहे.

मारेत ठीक आहे. जूनमध्ये साठ जणांच्या गायकवृंदापुढे उभं राहून तिची शेवटची परीक्षा होईल. परीक्षेला बसणाऱ्यांची यादी मेमध्ये लागते. यादीत नाव नसेल तर पाच वर्षं पाण्यात, आणि वृंद चालवायची परवानगी जन्मात नाही. तिचे वडील गेल्यापासून मी या एका गोष्टीसाठी जगते आहे. ती नीट पार पडली की मला दुसरं काही नको.

एंडला


स्टॉकहोम, २१ फेब्रुवारी १९७५

प्रिय ताई,

तुझं पत्र सोळा दिवसांनी आलं. पाकिटाची चिकटलेली बाजू फुगली होती, ओली होऊन वाळल्यासारखी. आत पत्र होतं, तक्ता नव्हता.

मुलींच्या गणिताच्या वह्यांतलं चुकलेलं दशांशचिन्ह शोधणारी माझी ताई तक्ता पाकिटात घालायला विसरली. मी हे दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बहिणीलाही आता चष्मा लागणार. लगेच परत पाठव. रकाने सगळे हवेत, नुसता निकाल चालणार नाही. नाहीतर मी म्हणेन तू घाबरलीस.

मेता


तालिन, ४ मार्च १९७५

मेता,

यंदा मी खेळणार नाही. मला वेळ नाही. देशांची नावं आणि आकडे पाठवू नकोस. मलाही मागू नकोस.

इथे थंडी आहे. मारेत अभ्यास करते. तुझी तब्येत कशी आहे ते लिही.

एंडला


स्टॉकहोम, १७ मार्च १९७५

ताई,

तुझं चार ओळींचं पत्र तीनदा वाचलं. आधी राग आला, मग हसू आलं. मला खरं कारण कळलं आहे. नव्या गुणांनी तुझा तक्ता मोडला आणि तुला पहिल्यांदाच हरायची भीती वाटते. शाळेत पेपर अवघड गेला की पोट दुखतं म्हणायची ती मी होते, तू नव्हतीस.

पण मी तुला सोडणार नाही. आमच्याकडे गाणी आधीच ऐकवतात. हॉलंडचं गाणं लागलं तेव्हा खुर्चीतला पेशंट तोंडात कापूस असताना गुणगुणायला लागला. मी हॉलंड म्हणते. हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून उद्या तारही करते. नियम म्हणजे नियम.

मेता


तार. स्टॉकहोमहून तालिनला, १८ मार्च १९७५

हॉलंड बारा. आयर्लंड दहा. फिनलंड आठ. माझं ठरलं. तुझं काय. बावीसला सगळं कळेल. मेता


तालिन, २६ मार्च १९७५

मेता,

हे पत्र केर्तू नावाची फिनिश बाई घेऊन जाईल. ती दर महिन्याला बोटीने इथे येते, तिच्या बहिणीची मुलगी माझ्या वर्गात होती. ती हे हेलसिंकीला नेऊन तिथल्या पेटीत टाकेल. वाचलंस की जाळ. फाडू नकोस, जाळ.

मी तक्ता विसरले नव्हते. तो काढून घेतला होता.

२५ फेब्रुवारीला मुख्याध्यापकांनी मला तासावरून बोलावलं. खोलीत एक माणूस हॅट मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याबरोबर जायचं होतं. वर्गात बेरजा फळ्यावर तशाच राहिल्या. कुठे नेलं ते लिहीत नाही, तालिनमध्ये सगळ्यांना ती इमारत माहीत आहे. तिथे रशियनांच्या गुप्त पोलिसांचा कप्तान, नाव उइबो. आपल्यासारखाच एस्टोनियन, चाळिशीचा, आवाज कधीही न चढवणारा. त्याच्यापुढे माझा तक्ता होता.

तो म्हणाला, "बाई, हे काय आहे?"

मी सांगितलं. गाण्यांची स्पर्धा, अंदाज, हातमोजे.

"यातली किती गाणी तुम्ही ऐकलीत?"

"एकही नाही."

"गाणी न ऐकता गाण्यांचा अंदाज." त्याने ते लिहून घेतलं. मग पेन्सिलीने एकेक रकाना दाखवत गेला. "एक आहे, दोन आहे, आठ आहे, दहा आहे, बारा आहे. नऊ नाही. अकरा नाही. तीनशेपेक्षा जास्त घरं आहेत, बाई, आणि एकदाही नऊ नाही. तुम्ही गणित शिकवता. कोणत्या खऱ्या मोजणीत असं होतं?"

मी म्हटलं, "तसा नियम आहे."

"कोणी केला?"

"माहीत नाही."

"का केला?"

"तेही माहीत नाही."

"म्हणजे कोणी केला, का केला माहीत नाही, पण तुम्ही तो पाळता आणि परदेशात पाठवता."

मेता, छत्तीस मुलींच्या वर्गात मला कधी शब्द कमी पडला नाही. तिथे पडला. आणि मग मी चूक केली. खेळ खरा आहे हे पटावं म्हणून मी तोऱ्यात म्हणाले, "चार वर्षांत तीनदा माझा अंदाज बरोबर आला आहे. माझ्या तक्त्यात चूक नसते."

तो पहिल्यांदाच हसला. "छान. मग सोपं आहे. २२ तारखेला स्वीडन जिंकलं तर हा अंदाज. नाही जिंकलं तर हे आकडे दुसऱ्या कशाचे तरी आहेत, आणि कशाचे ते आपण शोधू." माझ्यासमोर दुसरी एक फाइल होती. तिच्यावर मारेतचं नाव होतं. ती त्याने उघडली नाही. नुसती सरळ करून ठेवली, टेबलाच्या कडेला समांतर.

म्हणून मी तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. आणि तू तार केलीस.

२० तारखेला पुन्हा बोलावलं. तार त्याच्याकडे आधी पोचली होती. "तुम्ही म्हणता स्वीडन, बहीण म्हणते हॉलंड. हवं तर बदला. पण आत्ता, इथे, सही करून." तुझं पत्र वाचलं नव्हतं तरी मला कळलं होतं की तू गाणं ऐकून लिहिलं आहेस. माझं मलाही कळत होतं की नव्या पद्धतीत शेजाऱ्यांचं प्रेम पुरत नाही, सगळ्यांना थोडं थोडं आवडावं लागतं. पण बदलला असता तर म्हणाला असता, तारेने हुकूम आला आणि बाईंनी आकडे बदलले. मी स्वीडनवर सही केली.

२२ तारखेला, इथे लावायचं नसतं ते फिनलंडचं केंद्र टीव्हीवर लावून मारेत आणि मी बसलो. मारेतला यातलं काही माहीत नाही. हॉलंड अगदी पहिलं गायलं. ती म्हणाली, "आई, हेच जिंकणार." मी म्हटलं, "पहिलं गाणारा कधी जिंकत नाही. तोपर्यंत लोक चहा करत असतात." ती म्हणाली, "पैज?" मी तिच्यावर ओरडले. इतकी वर्षं मी त्या पोरीवर आवाज चढवला नव्हता.

मग गुण सुरू झाले. प्रत्येक देश बोलला की हॉलंडची पाटी सरकायची. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, तिला दिसू नयेत म्हणून. स्वीडन आठवं आलं. मारेत टाळ्या वाजवत होती, तिने ओळखलं होतं ना.

आज चार दिवस झाले. मला कोणी बोलावलेलं नाही. हे बोलावण्यापेक्षा वाईट आहे. जिन्यात पाऊल वाजलं की मी मजले मोजते.

आता मी सांगते ते कर. हे पत्र मिळालंच नाही असं समजून साध्या टपालाने मला लिही. जिंकलीस म्हणून मिरव. मला चिडव. हातमोजे माग, तगादा लाव. तिथे वाचणाऱ्याला दोन म्हाताऱ्या बायका गाण्यांवरून भांडताना दिसू देत. तेवढंच आपल्या हातात आहे.

एंडला


स्टॉकहोम, ९ एप्रिल १९७५ (टपालाने)

प्रिय ताई,

तीन आठवडे होत आले, अभिनंदनाची एक ओळ नाही. हरलीस की टपाल बंद का? हॉलंड, ताई. पहिल्याच क्रमांकावर गायलं आणि जिंकलं. आणि तुझं लाडकं स्वीडन आठवं. तुझा तक्ता मला मिळाला नाही हे तुझं नशीब. नाहीतर मी तो चौकट करून दवाखान्याच्या भिंतीवर लावला असता, दात उपटून घेणाऱ्यांना तेवढंच हसू.

मला माझे हातमोजे हवेत. वापरलेले-धुतलेले जुने चालणार नाहीत. नवीन लोकर, गावची पट्टी, अंगठा नीट. माझा हात सात नंबरचा. तू म्हणालीस मी खेळणार नाही, पण ते तू सांगितलंस तुझा अंदाज पाठवून झाल्यावर. पळ काढता येणार नाही. पुढच्या थंडीत मी उघड्या हातांनी फिरले तर सगळ्या स्टॉकहोमला सांगेन की माझी मोठी बहीण रडी आहे.

अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर बसमध्ये लिहिते आहे म्हणून.

तुझी विजयी,
मेता


तालिन, २८ एप्रिल १९७५ (टपालाने)

मेता,

तू जिंकलीस. हातमोजे आज पार्सलने पाठवले. लाल आणि नारिंगी. पट्टी आईने शिकवली तशीच आहे. टाके सैल नाहीत.

मारेतच्या परीक्षेची यादी २४ मेला लागेल.

एंडला


स्टॉकहोम, १६ मे १९७५

ताई,

हेही केर्तूच्या हातून. आधीचं जाळलं. चुलीशेजारी उभी राहून राख मोडली.

बसमध्ये लिहिते आहे हे खोटं होतं. घरीच टेबलावर लिहिलं होतं. माझ्या थट्टेने, माझ्या तारेने तुला तिथे नेऊन बसवलं, हे माझ्या मनातून जात नाही. "बावीसला सगळं कळेल" असं मी लिहिलं, वर ते वाक्य सुचल्याचा मला आनंद झाला होता.

आता ऐक. पार्सल आलं. दोरी दुसऱ्याच गाठीने बांधलेली होती. उजवा हातमोजा तुझा आहे, लोखंडासारखा घट्ट. डाव्याची मनगटपट्टी तुझी नाही. कोणीतरी ती पूर्ण उसवली आहे, एकेक ओळ, आणि पुन्हा विणली आहे. लोकर तीच, उसवल्याने केसाळ झालेली. विणणाऱ्याचा हात सैल, म्हातारा वाटतो.

पण पट्टी बरोबर आहे, ताई. दोन रंगांची वेणी, तिसऱ्या ओळीला उलट फिरवायची, आणि मग तो एक टाका न विणता तसाच सरकवायचा. तो टाका शेजारच्या गावच्या बायकांनाही माहीत नव्हता. आई म्हणायची, हा आपल्या चाळीस घरांबाहेर नाही.

मग त्या इमारतीत आपल्या चाळीस घरांतलं कोण आहे? मला चोराची कमी भीती वाटली असती. त्याला आपलं घर कुठलं, मी कोणत्या होडीतून गेले, हेही ठाऊक असेल. मी हातमोजे घालत नाही. टेबलावर ठेवले आहेत आणि जाता येता बघते.

मेता


तालिन, ३० मे १९७५

मेता,

२२ मेला बोलावणं आलं. मी एका पिशवीत लोकरी मोजे आणि साबण घेऊन गेले. मारेतला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जाते. तुझ्यामुळे तेच पहिलं तोंडात आलं.

कप्तान उइबोच्या टेबलावर तक्ता, तार आणि तुझं मिरवणारं पत्र ओळीने मांडलेलं होतं, कडेला मारेतची फाइल. तो म्हणाला, "तुमचा अंदाज चुकला, बाई."

"हो."

"म्हणजे माझ्या म्हणण्याप्रमाणे हे आकडे दुसऱ्या कशाचे तरी. मग पार्सल आलं. पट्टीत पुन्हा तेच. दोन लाल, एक नारिंगी, तीन लाल, एक सोडलेला. आमच्या माणसाने दोन दिवस टाके मोजले. कागद भरून आकडे काढले. उसवूनही पाहिली. आत काही नव्हतं."

मला वाटलं आता मारेतची फाइल उघडेल.

"शेवटी मी ती घरी नेली. माझी आई आहे, ऐंशी वर्षांची. तिला विचारलं, यात काय लिहिलं आहे? तिने बोटांनी चाचपलं आणि माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, गाढवा, हे मनगट आहे, यात वारा शिरत नाही एवढंच लिहिलं आहे. कोणाचं उसवलंस? मग दोन दिवस बसून पुन्हा विणलं. डोळे गेलेत तिचे. डावा जरा सैल झाला असेल."

मी विचारलं, "त्या मुहूच्या?"

त्याने तक्ता फाइलमध्ये घातला. मारेतची फाइल खणात गेली. मग पेन्सिल खाली ठेवत सहज म्हणाला, "आमच्या आईनेही हॉलंडच म्हटलं होतं. तिला निदान ऐकू येतं."

त्या घरातही फिनलंडचं केंद्र लागतं तर. मी हे मनातसुद्धा हळूच म्हटलं.

मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा तो म्हणाला, "पुढच्या जानेवारीत तक्ता करणार ना?"

मी म्हटलं, "नाही. आता कधीच नाही."

"का? खेळ होता ना?"

मेता, त्या दाराची पितळी मूठ माझ्या हातात होती आणि ती मला फिरवता येईना. आपण थांबलो तर तो खेळ नव्हता असं होतं. खेळणाऱ्या बायका एकदा हरल्या म्हणून खेळ सोडत नाहीत. मी म्हटलं, "करेन. पुढच्या वर्षी मी जिंकणार आहे."

"मग आधी मला दाखवा," तो म्हणाला.

२४ तारखेला यादी लागली. मारेतचं नाव आहे. क्रमांक अकरा. मी तो आकडा परत परत वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि आणखी एकदा वाचला.

आता तुला माझं सांगणं. केर्तूच्या हातून हे शेवटचं, तिलाही मुलं आहेत. यापुढे सगळं टपालाने. हातमोजे घाल. थंडी सुरू झाली की घालून फिर आणि डावा सैल आहे अशी तक्रार मला लिही, दरवर्षी लिही. जानेवारीत देशांची यादी पाठव, आकडे सगळे घाल, नऊ आणि अकरा सोडून. मी तक्ता करेन. मारेत वृंद चालवते आहे तोपर्यंत, मी जिवंत आहे तोपर्यंत, आपल्याला हे खेळत राहावं लागेल.

आणि गाणी ऐकून मला खरं सांगत जा. यापुढे मला बरोबर यायलाच हवं.

एंडला